पाच वर्षांचे ब्रश

३ फेब्रुवारी

चि. बटणास,
अ. उ. आ.

शिलाई मशीनची मोटार दादाने फुकट दुरुस्त करून दिली, असं तू शेजारीपाजारी सांगत असशील, म्हणून आधी फुकटाचा हिशेब ऐक. तांब्याची तार मूठभर, वॉर्निश अर्धी वाटी, माझी एक अख्खी दुपार, आणि पंप घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक. ते ताटकळलं आणि समोरच्या दुकानात गेलं ते गेलंच. शिवाय तुझी वहिनी दोनदा जेवायला हाक मारून गेली आणि तिसऱ्यांदा मारली नाही, त्याची किंमत मी अजून मोजतोय. फुकट म्हणजे दुसऱ्याच्या खिशातलं, एवढं लक्षात ठेव.

तारेचं वायंडिंग नवीन भरलंय. दोन कार्बन ब्रशही नवे टाकलेत. लहानपणी बटण गिळून घरभर धावाधाव करायला लावणाऱ्या मुलीला यंत्रातलं काय कळणार, तरी सांगतो. पेन्सिलीच्या तुकड्याएवढे ते कोळशाचे दांडे असतात. मागून स्प्रिंग त्यांना फिरत्या भागावर दाबून धरते. मशीन जितकी चालेल तितके ते झिजतात. बाजारातले वर्षभरात संपतात. मी घातलेले पाच वर्षं हलत नाहीत. त्याआधी झिजले तर मिशी उतरवीन. आणि ही मिशी मी दुसऱ्याच्या कारखान्यात झाडू मारत होतो तेव्हापासूनची आहे. वर्कशॉप तिच्यानंतर आलं.

तुझा फोन बिघडला याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. पत्रात माणूस वाक्य पुरं करतो. तुझ्या नवऱ्याला मात्र फोन केला होता. ड्रायव्हरसाहेब अडखळत होते. शाळेची बस कशी चाललीय विचारलं तर आधी गप्प, मग एकच उत्तर दोनदा. तुला ठाऊक आहे, मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून मोटारीच्या पोटातलं ऐकतो. सैल बेअरिंग मला बंद दाराआडून ओळखू येतं. तसा आवाज आला. काळजी करू नकोस, पण डोळे उघडे ठेव.

माझा लोभ आहे तेवढा पुरे, आता तुझा वाढव.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मोटार पोचली, लावलीसुद्धा. इतकी गुपचूप चालते की मशीन चालू आहे का हे बघायला चाकाला हात लावावा लागतो. तुझ्या मिशीला धोका नाही. वहिनीला सांग, तिसऱ्यांदा हाक न मारायची युक्ती मीही शिकून ठेवलीय.

कामाला उसंत नाही. दातांच्या मोठ्या दवाखान्याने सगळ्या स्टाफचे एप्रन मला दिलेत. कापडवाल्याने या वेळी पैसे आधी मागितले आणि दवाखाना म्हणतो काम झाल्यावर देऊ. मधल्यामध्ये मी. तुला जमत असेल तर महिनाभरापुरते थोडे पाठवशील का? मागताना लाज वाटते, पण तुझ्याकडे नाही मागायचं तर कोणाकडे.

यांच्याबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. हल्ली विसरतात. कपाटात ठेवलेलं पाकीट उघडून बसतात, आणि मग म्हणतात, बहुतेक पैसे ठेवलेच नव्हते. मी काही बोलत नाही. तूही बोलू नकोस.

तब्येतीला जप आणि माझ्यावर रागावू नकोस, कशाहीसाठी.

तुझी,
बटण


४ मार्च

रा. रा. जावईबापूंस,
स. न. वि. वि.

बहिणीने मागितले तेवढे पैसे आजच पाठवले. देण्याचं दुःख नाही. पण आडपडदा ठेवून बोलायची मला सवय नाही आणि या वयात ती लागणारही नाही.

माझ्याकडे मोटारीत तार भरणारा एक वाइंडर होता. हाताला असं वळण की तारेलासुद्धा त्याच्याकडे जावंसं वाटावं. पगार झाला की त्याचे पैसे हरवायचे. खिसा फाटका होता, बसमध्ये मारले, कुठे ठेवले आठवत नाही. मी विश्वास ठेवायचो. एक दिवस त्याची बायको मुलांना घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा कळलं की पैसे हरवत होते ते पत्त्यांवर. पैसे विसरणारा माणूस पैसे विसरत नाही, जावईबापू. त्यांचं काय केलं ते सांगायला विसरतो.

म्हणून सरळ विचारतो. तुम्ही कशावर लावताय का? पत्ते, घोडे, फोनवरचे खेळ, काहीही. असेल तर सांगा, भाऊ म्हणून शेजारी उभा राहीन. लपवलंत तर मेहुणा म्हणून येईन, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

स्पष्ट बोलण्याचा राग नसावा. असलाच तर तोही कळवावा.

आपला,
वर्कशॉपवाला दादा


११ मार्च

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मुलांना शाळेत सोडल्यावर रिकाम्या बसमध्ये बसून वाचलं. रागावलो नाही. उलट मनात आलं, तसं काही असतं तर किती बरं झालं असतं. निदान कारण तरी कळलं असतं.

मी कशावरही काही लावत नाही. पण पैसे जातात हे खरं आहे. पगारातले बाजूला काढून पाकिटात ठेवतो, दोन दिवसांनी पाकीट रोडावलेलं. तुमच्या बहिणीला विचारलं की ती म्हणते, तुम्हीच विजेच्या बिलाला दिलेत ना. मला आठवत नाही. मागे तिने दिलेलं घड्याळ सापडेना. ती म्हणाली, तुम्हीच दुरुस्तीला टाकलंत. गावातल्या सगळ्या घड्याळवाल्यांकडे फिरून आलो. कोणी मला ओळखत नव्हतं, घड्याळालाही नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शंभरातून सात सात वजा करायला लावले, चित्रं दाखवली, महिना कोणता ते विचारलं. म्हणाले, उत्तरं बरोबर आहेत, तरी पुढच्या तपासण्या करून घेऊ. तुमच्याशी फोनवर बोलताना मी काय बोललो ते कागदावर लिहीत होतो, परत तेच बोलू नये म्हणून. त्यात अडखळलो असेन.

बसमध्ये लहान मुलं असतात, दादा. सगळी उतरली का हे मी शेवटच्या बाकापर्यंत जाऊन बघतो, मग उतरून पुन्हा चढतो आणि पुन्हा बघतो. एखाद्या दिवशी ते बघायचंच विसरलो तर? म्हणून शाळेला कळवलंय, हे सत्र संपलं की बस दुसऱ्याच्या हाती द्या. तिला सांगितलेलं नाही, घाबरून जाईल. तुम्हीही सांगू नका, एवढी विनंती.

मोटार पुन्हा जळाली म्हणते, सोबत पाठवतोय. मी कामावर असताना ती दिवसभर शिवते असं म्हणते. रविवारी मी घरीच असतो, पण मशीनचा आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही. आता तेही विसरलो असेन.

तुमचा लोभ आहे तसाच राहावा. कमी झाला तरी मला कळेलच असं नाही.

आपला,
ड्रायव्हर


१७ मार्च

चि. बटण,
अ. आ.

मोटार उघडली. जळालेली नाही. जळालेली तार काळी पडते, ठिसूळ होते, वास सोडते. ही आतून कापलेली आहे, एका घावात, धारदार कात्रीने.

मग ब्रश काढले. नवा ब्रश टोकाला सपाट असतो. मशीन आठवडाभर जरी चालली तरी फिरत्या भागाची गोलाई त्याच्या टोकावर उतरते आणि ते चकाकतं. तुझे सपाट आहेत. मी घातले तसेच. मोटार इतकी गुपचूप का चालत होती ते कळलं. एप्रन कशावर शिवलेस ते कळलं नाही.

काहीच कळेनासं झालंय. मी तुझ्या नवऱ्याला तुझ्या नकळत पत्र लिहून विचारलं होतं की तुम्ही जुगार खेळता का. आज ते पत्र परत मागवता आलं तर मागवीन. बिचाऱ्याला वाटतंय त्याचं डोकं जायला लागलंय. घड्याळ शोधत तो गावभर फिरला. डॉक्टरकडे जाऊन वजाबाक्या करून आला. आणि शाळेला सांगून बसलाय की सत्र संपलं की बस सोडतो, कारण आपण एखादं मूल आत विसरू अशी त्याला भीती वाटते. यातलं काही तुला सांगू नका म्हणाला होता. त्याचा शब्द मोडतोय. मोडायला हवा असं वाटतं, पण खात्री त्याचीही नाही.

कान टवकारून मी चुकीच्या दाराशी बसलो होतो. आता तुझ्या दाराशी आलोय आणि हेही चुकीचंच निघावं असं वाटतंय. काय आहे ते लिही. सत्र संपायच्या आत लिही.

दादा


२३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. लिहायला हात धजत नाही, पण त्याशिवाय तुला पत्र सुरू कसं करायचं तेही माहीत नाही.

फोन बिघडलेला नाही. बटणांच्या डब्यात आहे. बिघडला म्हटलं की गिऱ्हाइकांचे फोन घ्यावे लागत नाहीत, आणि यांनाही वाटतं की तो बंद पडलाय.

मागच्या वर्षी एक बाई पडदे न्यायला येणार होत्या, त्यांची वाट बघत होते. फोनवर एक खेळ आला. रंगीत चाकं फिरतात, चित्रं जुळली की पैसे. पहिले पैसे खेळवाल्यांनीच घातले, फुकट. तू फुकटाचा हिशेब सांगितलास तो नंतर. त्या दिवशी मी जिंकले. त्याच पैशांचं यांना घड्याळ घेतलं आणि पडद्यांची मजुरी आली म्हणून सांगितलं. किती मिरवलं त्यांनी ते. पुढे तेच घड्याळ मी विकलं.

हरतेय हे कळत नव्हतं असं नाही. पण हरले की वाटायचं, आपले पैसे तिथे अडकलेत, सोडवून आणायला हवेत. जिंकले की वाटायचं, आजचा दिवस चांगला आहे, आता उठू नये. दोन्हीचं उत्तर एकच यायचं. दूध उतू गेलेलं कळायचं ते करपल्याच्या वासाने. खेळ फोनवरून काढून टाकला, परत घेतला, पुन्हा काढला, पुन्हा घेतला. दवाखान्याने आगाऊ पैसे दिले होते, दादा. ते गेले. तू पाठवलेले त्याच संध्याकाळी गेले. कापड घेतलेलंच नाही. एप्रन कधी देणार असं विचारायला दवाखान्याचा माणूस दारात आला, तेव्हा मोटार जळाली म्हणाले, आणि खरं वाटावं म्हणून ती कापली. ज्या कात्रीने मी कोणाला कागदसुद्धा कापू देत नाही, त्या कात्रीने.

याला जुगार म्हणतात का, हे मला अजून समजत नाही. जुगार म्हणजे धूर, आरडाओरडा, पत्ते कुटणारे पुरुष. मी तर स्वयंपाकघरात उभी असायचे.

पण त्यांच्या डोक्याचं. ते सगळ्यात वाईट आहे. पहिल्यांदा त्यांनीच विचारलं, मी पैसे इथेच ठेवले होते ना? मी म्हटलं, विसरलात तुम्ही. एवढंच. मग ते वाक्य माझ्या हाताशीच राहिलं. त्यांना ते खरं वाटतंय हे दिसत होतं, आणि मला बरं वाटत होतं की निभावलं. डॉक्टरचं आणि बसचं मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. तू हे खरं मानावंस असं कोणत्या तोंडाने सांगू.

लोभ असावा असं लिहीत नाही. उरला असेल तर ठेव.

बटण


२७ मार्च

चि. बटण,
अ. उ. आ., आणि हे सवयीने लिहिलेलं नाही.

पत्र वाचलं, आणि तुला न विचारता वहिनीला वाचून दाखवलं. एकट्याला झेपत नव्हतं. माझा पहिला विचार असा, की उद्याच्या गाडीने यावं, सगळ्यांचे पैसे फेडावेत, फोन ऐरणीवर ठेवून हातोडा घालावा आणि मोकळं व्हावं. तुझी वहिनी शांतपणे म्हणाली की यात बटण कुठे आहे, सगळीकडे तुम्हीच दिसताय.

तिनेच व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता काढला. तुमच्या गावातही त्यांची बैठक भरते. तिथल्या बाईंशी मी बोललो. तुझा धुराचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, जुगाराला धूर लागत नाही, लपवणं लागतं. हा आजारासारखा धरतो आणि त्यातून माणसं बाहेर येतात, पण एकट्याने शपथा घेऊन सहसा नाही. पैसे काही काळ दुसऱ्याच्या हाती, साधा बटणांचा फोन, आणि दर आठवड्याला येऊन बसायचं. मी म्हटलं, देणी तरी मी फेडतो. त्यावर म्हणाल्या, भावाने फेडली की तिचा हात पुढच्या डावाला मोकळा झाला. जळालेलं वायंडिंग पार उपसून नवं भरायचं, हे मला येतं. देणारा हात मागे घ्यायचा कसा, हे मला कोणी शिकवलेलं नाही. करून बघतो.

एक गोष्ट मात्र बाईंची नाही, माझी. नवऱ्याला तूच सांग. सगळ्यात आधी एवढंच सांग की त्याचं डोकं शाबूत आहे. बाकीचं त्यानंतर. मी फोन उचलून सांगू शकतो, पण मग ते त्याच्या आणि माझ्यातलं होईल, तुमच्या दोघांतलं नाही.

तार जोडून मोटार परत पाठवली आहे. ब्रश तेच आहेत. बदलायची गरज नव्हती.

लोभ उरलाय का विचारतेस. मोजायला वेळ नाही, कामं पडलीत.

तुझा,
दादा


६ एप्रिल

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तिने सांगितलं. जेवण झाल्यावर समोर बसली आणि म्हणाली की तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही, मी खोटं बोलत होते. मी हसत सुटलो, दादा. इतका आनंद झाला की पुढचं काही नीट ऐकूच आलं नाही. शेजारीण डोकावून विचारून गेली, लॉटरी लागली का. तेव्हा ही रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी बस चालवताना आठवलं. मी घड्याळ शोधायला निघालो होतो तेव्हा आभाळ भरलं होतं, आणि हिने दारात येऊन मला छत्री दिली होती. कुठे जातोय आणि घड्याळ मिळणार नाही, हे माहीत असताना छत्री दिली. तेव्हापासून माझं बोलणं बंद झालं. मी रागावलोय की सुटलोय तेच कळत नाही. एका माणसाला एकाच वेळी दोन्ही होतं का? तुम्हाला यंत्रांचा अनुभव आहे, माणसांचाही असेल.

शाळेत गेलो. त्यांनी दुसरा ड्रायव्हर शोधलाच नव्हता, म्हणाले आम्हाला वाटलं तुम्ही पगारवाढीसाठी अडून बसलाय. बस माझ्याकडेच आहे. मुलं उतरल्यावर अजूनही पुन्हा चढून शेवटच्या बाकापर्यंत बघतो. ती सवय राहू देत.

केंद्रात तिला मीच पोचवतो, चालत. वाटेत बोलत नाही. परत येतानाही बरोबर असतो.

आपला,
ड्रायव्हर


३० ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बरेच दिवसांत पत्र नाही. सांगण्यासारखं चांगलं काहीतरी साठू दे म्हणत होते, पण ते तसं साठत नाही, म्हणून आहे ते लिहिते.

दवाखान्यात जाऊन खरं सांगितलं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माफ वगैरे काही केलं नाही. कापड आम्ही देऊ म्हणाल्या, आणि आगाऊ घेतलेले मजुरीतून कापून घेऊ. एप्रनला खिसेही दोनचे तीन सांगितले. मी मान खाली घालून खिसे लावते.

जूनमध्ये घसरले. शेजारणीचा फोन एक मिनिट मागितला. ते एक मिनिट नव्हतं. घरी येऊन यांना सांगितलं आणि केंद्रात सांगितलं. वाटलं होतं, आता हाकलतील. तिथे एक म्हातारे केशकर्तनकार येतात. ते म्हणाले की याआधी खेळ काढून परत घेत होतात तेव्हा कोणाला सांगितलं होतंत? मी म्हटलं, कोणालाच नाही. त्यांनी मला बसायला खुर्ची सरकवली.

मी कमावलेले पैसे यांच्याकडे असतात. दोरा आणायचा तरी मागावे लागतात. मला आवडत नाही. बाई म्हणतात, आवडायची गरज नाही.

हे बोलतात आता. कामापुरतं, पण बोलतात. परवा चावी हरवली. मला विचारलं नाही. सगळं घर स्वतः उलथंपालथं केलं, आणि सापडल्यावर माझ्यासमोर धरून दाखवली.

बरी झाले का, असं विचारशील. मला माहीत नाही. मशीन चालू असते तेव्हा हात शांत असतात, एवढं माहीत आहे.

वहिनीला नमस्कार. तिने पुन्हा एकदा पत्र वाचलं तरी चालेल.

तुझी,
बटण


१२ मे

चि. बटणास,
अ. उ. आ.

पार्सल पोचलं. मशीन अडखळत चालते, ठिणग्या दिसतात, जळका वास येतो, आणि या वेळी कात्री लावलेली नाही, ही तुझी चिठ्ठीही वाचली.

मोटार टेबलावर ठेवली आणि बराच वेळ दुसरीच कामं उकरून काढत बसलो. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, उघडा की, चावत नाही ती. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. स्क्रूड्रायव्हर कानाला लावलाच नाही. त्या कानांनी तुझ्या नवऱ्याला जुगारी ठरवलं होतं, तेव्हापासून त्यांना मी जरा लांबच ठेवतो. जावईबापूंच्या जुन्या प्रश्नाचं उत्तरही राहिलंय. त्यांना सांग, राग आणि सुटका, एका वेळी दोन्ही होतं. मला गेलं वर्षभर होतंय.

मग उघडली. एक ब्रश नखाएवढा उरला होता, आरशासारखा चकाकणारा, टोकाला सुरेख गोलाई. दुसरा संपलाच होता, नुसती स्प्रिंग घासत होती. वर्कशॉपमधल्या सगळ्यांना हाका मारून मी ते तुकडे दाखवले. झिजलेला कोळसा हातावर घेऊन मालकाचे डोळे का भरलेत, ते कोणाला कळेना.

विश्रांतीवर बंदी घातल्यासारखं वागू नकोस, अधूनमधून मशीन बंद कर आणि पाठ सरळ कर. नवे ब्रश घातलेत, फिरता भाग घासून गुळगुळीत केलाय. या वेळी फुकट नाही. बिल सोबत आहे, जावईबापूंकडे दे. त्यांनी काही सूट मागितली तर मिळणार नाही म्हणावं.

तुम्हा दोघांचा लोभ एकमेकांवर आधी असावा, उरेल तो इकडे पाठवावा.

तुझा,
दादा

ता. क. आज सकाळी मिशी उतरवली. माझे ब्रश बाजारातल्यांइतकेच टिकले, वर्षभर.